पहिली मूस

चैत्र लागला की आमच्या गावात सगळ्या देशाच्या नंबरप्लेटी गोळा होतात. विट्याहून आटपाडीकडं जाताना मधेच आत वळलं की आमचं गाव. एरवी तिथं दुपारच्याला कुत्रंसुद्धा सावलीतून उठत नाही. पण यात्रेच्या आठवड्यात देवळापुढच्या पटांगणात तामिळनाडू, केरळ, बंगाल, पंजाब, आसाम अशा पासिंगच्या गाड्या एकमेकींना घासून उभ्या असतात आणि त्यांतून उतरणारी माणसं मात्र सगळी आपलीच असतात. कारण आमचा मुलूख गलाईवाल्यांचा. जुनं सोनं-चांदी गाळून चोख करून देणं हा धंदा. देशात जिथं सराफकट्टा आहे तिथं एखाद्या बोळात आमच्याकडचा कुणीतरी भट्टी पेटवून बसलेला सापडतोच. सोनाराच्या दुकानातला केर विकत घ्यायचा आणि त्यातनं सोनं काढायचं, अशी ही माणसं. वर्षभर परमुलखात राहतात, तिथली भाषा तिथल्यांपेक्षा झोकात बोलतात, आणि पालखी उठायच्या आत गावात हजर होतात.

यंदाही चैत्र आला. बेंगळुरूत माझ्या खिडकीखाली कडुनिंब आहे. त्याला मोहोर आला आणि तो कडवट गोड वास घरात शिरला तशी मी हातातलं काम टाकून नुसती उभी राहिले. मला त्या वासाच्या मागोमाग गुलाल येतो, मग सुक्या खोबऱ्याचे तुकडे, मग मटणाच्या रश्श्याचा तवंग, आणि सगळ्यात शेवटी तेजाबाचा नाक जाळणारा वास. तेजाब, म्हणजे सोनं चोख करायचं आम्ल, यात्रेत नसतं, ते भट्टीवर असतं. पण अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, कपड्यांना तो वास कायमचा बसलेला. कोईमतूरहून ते यात्रेला यायचे तेव्हा आई त्यांचे कपडे दोनदा धुवायची आणि तरीही मी डोळे मिटून सांगू शकायचे की अण्णा घरात कुठल्या खोलीत आहेत.

यात्रा देवाची हे खरं. पण आमच्यात ती नोकरभरतीचीही असते, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. सगळे दुकानदार एका वेळी गावात सापडतात ते तेव्हाच. मग पाळण्यांजवळ, कुस्तीच्या फडाच्या कडेला, जेवणाच्या पंगतीत पोरं ठरतात.

"दादा, माझ्या थोरल्याला न्या की औंदा. धावी झालाय, बसूनच हाय."

"न्हेतो की. पर आग सोसंल का त्याला?"

"आवं, बापाची बोलणी सोसतोय, आग काय घिऊन बसलाय!"

एवढीच मुलाखत. यात्रा पांगली की तो पोरगा पत्र्याची पेटी घेऊन सिलिगुडीला नाही तर मदुराईला निघालेला असायचा. पगार म्हणाल तर पहिली काही वर्षं जेवण, कपडे आणि शिव्या. पण भट्टी शिकायची तर दुसरी शाळा नव्हती, आणि शिकलेलं कुणी काढून घेऊ शकत नव्हतं.

मी विमान चालवते. गावाला हे सांगितलं तेव्हा आधी पेढे वाटले गेले. मग कळलं की माझ्या विमानात माणसं बसत नाहीत, खोकी बसतात. पार्सलं, औषधं, यंत्रांचे सुटे भाग, हिवाळ्यात पाचगणीची स्ट्रॉबेरी, उन्हाळ्यात हापूस. पारावरच्या मंडळींनी दोन दिवस विचार केला आणि एका चुलत्यानं निकाल दिला, "म्हंजी टेंपोच की गं! हवंतला टेंपो." तेव्हापासून मी गावात टेंपोवाली. मला त्याचं कधीच वाईट वाटलं नाही. टेंपोवाला नसेल तर बाजार भरत नाही, हे आमच्या गावाइतकं कुणाला कळणार?

अण्णांना मात्र एक रुखरुख होती. लेक पायलट आणि बाप कधी विमानात बसलेला नाही. मी म्हणायचे, "अण्णा, तिकीट काढून देते, या की." तर म्हणायचे, "दुसऱ्याच्या इमानात कशाला बसू? तुझ्यात बसवत असशील तर बोल." माझ्यात बसवता येत नव्हतं. मालाच्या विमानात वडिलांना खोकं म्हणून नेता येत नाही.

आमची कंपनी लहान. विमानं दोनच, दोन पंख्यांची. मालक सांगलीजवळच्या माधवनगरचे. आजोबांचे माग होते, वडिलांचे ट्रक झाले, यांनी विमानं घेतली. माणूस मनानं मोकळा, पण एका दुखण्यानं हैराण, ते म्हणजे पायलट टिकत नाहीत. मोठ्या प्रवासी कंपन्या विमानांमागून विमानं आणतात. विमान पैसे टाकून आणता येतं, पायलट कुठून आणणार? पी हळद अन् हो गोरी, असं या कामात होत नाही. लायसन्स घेऊन आलेलं पोरगं ढगात, वाऱ्यात, आखूड धावपट्टीवर घासून निघालं की मग कुठं पायलट होतं. ते घासणं आम्ही करायचं. आमच्याकडं फेऱ्या आडवेळेच्या, पगार मोठ्या कंपन्यांच्या मानानं जवळजवळ निम्मा. पोरगं तयार झालं की मोठ्या कंपनीचा फोन येतो आणि ते तोंड चुकवत माझ्यासमोर उभं राहतं. पायलटांची प्रमुख मी, शिकवणारी मी, म्हणून निरोपाची तोंडं बघणारीही मीच.

गेल्या चैत्रात असं तोंड घेऊन सायली आली. वाईची पोर. माझ्याबरोबर तिनं दोन पावसाळे काढले होते. तिला घाई करायची सवय नव्हती, आणि आमच्या कामात यापेक्षा मोठा गुण नाही. पाचगणीच्या स्ट्रॉबेरीची खोकी चढत असली की विमानाच्या दारात उभी राहून एक खोल श्वास घ्यायची आणि म्हणायची, "मॅडम, घाट उतरल्यासारखं वाटतं." पण त्या दिवशी तिनं तोंड चुकवलं नाही.

"मॅडम, माझी निवड झाली. आठवड्याभरात बॅच सुरू होतेय."

"का जातेस?"

"पगारासाठी. दुसरं काहीतरी छानसं कारण शोधत होते, पण तुम्हाला ते लगेच कळलं असतं."

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. आमच्या करारात सोडण्याआधी सहा महिन्यांची मुदत होती. कंपनीनं मोकळीक दिली तर ती बॅच गाठणार, नाही दिली तर जागा दुसऱ्याला जाणार. आणि मोकळीक द्यायची की नाही, हे मालकांनी माझ्यावर सोडलं. सोडलं म्हणजे काय, उत्तर काय द्यायचं हेही सांगितलं.

"मॅडम, तुम्ही नाही म्हणा. आपण पोरं घडवायची आणि मोठ्यांनी उचलून न्यायची. आयत्या बिळावर नागोबा! आंबा तोंडावर आलाय. ही गेली तर एक विमान उभं राहील, आणि उभं विमान हत्तीसारखं खातं."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. रागही खोटा नव्हता, मला स्वतःलाच तो आला होता. दोन पावसाळे मी त्या पोरीला शिकवलं होतं. ढग कुठून फोडायचा, कुठून वळसा घालायचा, केव्हा सरळ परत फिरायचं. "उद्या सांगते," म्हणून मी उठले. घरी आले आणि कडुनिंबाचा तोच वास आला. त्या वासानं मला संभाच्या साली नेऊन बसवलं.

तेव्हा मी सहावीत होते. संभा म्हणजे अण्णांचा लांबचा भाचा. मला आठवतंय तेव्हापासून तो अण्णांच्या दुकानात भट्टीवर. मूस, म्हणजे सोनं वितळवायची ती मातीची वाटी, चिमट्यात धरून आगीतून अशी अलगद काढायचा की बघत राहावं. त्या यात्रेत, भर पंगतीत, रश्श्याची वाटी खाली ठेवून तो म्हणाला,

"मामा, पुढल्या म्हयन्यात माझी भट्टी टाकतुया."

"बरं हाय की. कुठं?"

"आपल्याच बोळात. चार दुकानं सोडून."

थोरले चुलते कडाडले, "खाल्ल्या घरचं वासं मोजतुयास व्हय रं?" संभाची मान खाली. अण्णांनी वाढप्याला हाक मारून रस्सा मागितला आणि जेवण पुरं केलं. पण दुसऱ्या दिवशी पालखी निघाली, सगळं गाव गुलालानं लाल झालं, आणि त्या लाल गर्दीत माझे अण्णा एकटेच पांढरेशुभ्र. ना त्यांनी गुलाल उधळला, ना कुणाची त्यांच्यावर टाकायची छाती झाली. मला त्यांची भीती वाटली आणि संभाचा भयंकर राग आला. मी देवाला हात जोडून मागितलं की संभाची भट्टी पेटू नये.

मेच्या सुट्टीत आई मला घेऊन कोईमतूरला गेली. त्या बोळात सकाळी फिल्टर कॉफीचा आणि तेजाबाचा वास एकत्र यायचा. दुकानाच्या वर एक गच्ची होती. मी तिथं उताणी पडून विमानं बघायची, खाली अण्णांच्या भात्याचा भूं-भूं आवाज आणि वर ती जाणारी पांढरी पोटं. माझं पुढचं सगळं तिथंच ठरलं, फक्त मला ते तेव्हा कळलं नव्हतं.

संभाच्या भट्टीचा मुहूर्त त्याच सुट्टीत होता. आमच्या भावकीत एक रीत आहे. ज्यानं शिकवलं त्यानंच शिष्याची भट्टी पेटवायची, आणि पहिल्या मुशीत स्वतःचं सोनं टाकायचं. अण्णांच्या बोटात त्यांनीच गाळलेल्या चोख सोन्याचं वळं होतं. चोख सोनं पुन्हा गाळलं तरी तेवढंच भरायला हवं. कमी भरलं तर त्याला घट म्हणतात, आणि घट आली की एक तर हात कच्चा, नाही तर नियत. म्हणून ती रीत. बोळातले सगळे गलाईवाले दारात उभे होते, आज अण्णा येतात की नाही ते बघायला.

अण्णा आले. नवा सदरा घालून, कपाळाला गंध लावून आले. कोळसा पेटवला. बोटातलं वळं निघेना, इतकी वर्षं ते तिथंच होतं. आईनं साबण आणला. वळं निघालं तसं बोटावर एक गोरी पट्टी राहिली. अण्णांनी ते मुशीत टाकलं आणि बाजूच्या स्टुलावर बसले. संभानं चिमटा उचलला आणि मूस आगीत ठेवली. सोनं पाण्यासारखं झालं, साच्यात ओतलं गेलं, निवलं. संभानं ती छोटी लगड दोन्ही हातांनी अण्णांसमोर धरली. अण्णांनी ती काट्यावर टाकली. सगळे काट्याकडं वाकले.

"घट न्हाई," अण्णा म्हणाले.

संभा त्यांच्या पायावर पडून लहान पोरासारखा रडला. मग कॉफी आली. मी संभाच्या हातचा पेढा घेतला आणि खाल्लाही.

पुढं मोठी झाल्यावर मी अण्णांना विचारलं होतं, "तेव्हा खरंच मनातनं गेला होतात?"

"कशाचं मनातनं! रीत हाय म्हणून ग्येलो. पोटात नुसती आग पडलीती."

"आणि काट्यावर टाकलंत ते नुसतं दाखवायला?"

"दाखवायला न्हाई. बघायलाच. घरी आल्यावर आपल्या काट्यावर पुन्यांदा टाकलं." आणि मग हसले, अगदी पोटातून. "तितकंच भरलं गं. तवा कुठं जिवाला बरं वाटलं."

अण्णा काही संत नाहीत, हे मला फार आवडतं. रीत अशा माणसांसाठीच असते. मन मोठं असतं त्यांना रीत लागत नाही, आपल्यासारख्यांना लागते. लगेचच्या यात्रेत काय झालं तेही मी पाहिलं. आमच्या दारात पोरं घेऊन आलेल्या बापांची ही गर्दी! "अण्णाकडं ग्येलं की सवताची भट्टी हुतीया," असं गावात झालं होतं. त्यातलं निवडून अण्णांनी जे पोर नेलं, ते आज त्यांचं दुकान सांभाळतं. आणि संभा? चार दुकानं सोडून त्यांचा स्पर्धकच राहिला. गिऱ्हाइकावरनं दोघं कचाकचा भांडले, आणि अण्णांना दवाखान्यात ठेवलं तेव्हा डबा त्याच्याच घरून आला. आता मात्र दोघांनाही पोरं मिळत नाहीत. यात्रेत कुणी पेटी भरून तयार नसतं. आगीपाशी बसायचं कुणाला हवंय? माणसांची टंचाई काही आमच्या आकाशातच नाही.

दुसऱ्या दिवशी मी मालकांसमोर बसले आणि म्हटलं, "साहेब, तिला जाऊ द्या."

"आणि मी काय करू? विमानाला कुलूप लावू?"

"विमानात माणसं दोनच. त्यातली एक मनानं कधीच निघून गेलेली असेल तर ती मला शेजारी नको. आणि सहा महिन्यांनी ती जाणारच आहे. आज हसत गेली तर चार पोरांना सांगेल की तिथं शिकायला मिळतं आणि वेळ आली की वाट अडवत नाहीत. पगारात आपण मोठ्यांना गाठणार नाही. मग पोरांनी आपल्याकडं यायचं कशासाठी? याच्यासाठीच ना?"

त्यांनी पेपरवेट बाजूला ठेवला. मग म्हणाले, "आमचे आजोबा कारागिराला असंच सोडायचे. माग बंद पडले आमचे."

"ते त्यामुळं पडले का?"

"नाही," त्यांनी कबूल केलं. "ते त्यामुळं नाही पडले. पण आंबा कोण नेणार?"

"मी. नियमात बसतील तेवढ्या सगळ्या फेऱ्या मी करते, को-पायलटच्या खुर्चीत बसून. माझी सुट्टी रद्द करा."

सुट्टी यात्रेची होती. नोकरीला लागल्यापासून मी यात्रा चुकवली नव्हती. पालखीच्या दिवशी मी हापूसची खोकी घेऊन उडाले. कृष्णेचं पात्र खाली चकाकत होतं, त्याच्या पलीकडं धुरकट माळ, आणि त्या माळावर कुठंतरी आमच्या गावात गुलाल उडत होता. मला रडू आलं. शेजारचा कॅप्टन भला माणूस, तो दुसऱ्या बाजूला बघत राहिला. अण्णा फोनवर एवढंच बोलले, "आली असतीस तर बरं झालं असतं," आणि फोन आईकडं दिला. सायलीला मी यातलं काही सांगितलं नाही. तिला निघताना एकच सांगितलं, की नव्या कंपनीत सगळं शिक्षण, सगळ्या परीक्षा संपून स्वतंत्र ड्युटी लागेल तेव्हा पहिली फेरी कुठली ते मला आधी कळव.

वर्ष गेलं. एक विमान मधूनमधून उभं राहिलं, मालकांनी मधूनमधून मला ऐकवलं. दिवाळीनंतर एक मुलगा आला, मग एक मुलगी आली. "सायलीताईंनी पाठवलंय," दोघांनीही सांगितलं. त्या दिवशी मालकांनी सगळ्यांसाठी भेळ मागवली.

आणि या चैत्रात, कडुनिंबाच्या त्या वासाच्या आठवड्यात, सायलीचा फोन आला. "मॅडम, पहिली फेरी बेंगळुरू ते कोल्हापूर."

कोल्हापूर! तिथून सांगली ओलांडली की आमचं गाव. यात्रेला दोनच दिवस. अण्णा अजून कोईमतूरलाच होते. मी फोन लावला. "अण्णा, रात्रीच्या गाडीनं माझ्याकडं या. इथनं पुढं विमानानं जायचं."

"तुझ्या?"

"माझ्या नाही. माझ्या पोरीच्या. पहिली फेरी आहे तिची."

"पयली व्हय? मग याय पायजे."

नवा सदरा घालून आले. विमानात चढताना दाराच्या कडेला हात लावून तो कपाळाला लावला. दारात सायली उभी होती, नव्या गणवेशात, टोपी काखेत. तिनं वाकून अण्णांना नमस्कार केला आणि माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "कॅप्टननी आज लँडिंग मला दिलंय." मी नुसती मान हलवली. शिकवायच्या वेळी खूप बोलले होते, आता पाळी तिची होती.

खिडकीची जागा अण्णांची. वर गेल्यावर ते बोटातलं वळं फिरवत बसले. संभाच्या पहिल्या मुशीतल्या लगडीचं सोनारानं पुन्हा घडवून दिलेलं तेच वळं. उसाची हिरवी रानं दिसायला लागली तसं विमान खाली निघालं. माझे पाय सवयीनं जमिनीवर दाबले जात होते, हात मांडीवर मुठी होऊन बसलेले. आडवा वारा होता. मला तो अंगाला कळला, आणि तिनं तो सावरलेलाही कळला. मी डोळे मिटले. इतकी वर्षं विमान उतरवते आहे, पण खुर्चीत हात बांधून दुसऱ्याच्या हाती जीव देऊन बसणं काय असतं ते मला त्या घटकेला कळलं. अण्णांनी त्या स्टुलावर बसून काय सोसलं असेल तेही.

चाकं टेकली. आधी एक, मग दुसरं, वाऱ्याच्या बाजूनं, मी शिकवलं होतं अगदी तसं.

अण्णांनी माझ्या मुठीवर हात ठेवला. "भरलं का गं बराबर?"

मी मूठ सोडली.

"घट न्हाई, अण्णा," मी म्हटलं.